एसएफटीपी सर्व्हर आणि त्याचे युजर कोडमधून कसे सांभाळायचे (कन्सोलला हात न लावता)

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी दादरच्या ब्रिजवर, एका हातात छत्री, आणि मस्जिद बंदरच्या एका होलसेलरकडच्या अकाउंटवाल्या काकांचा फोन. "अहो, त्या फाईली पाठवायच्या फाईलझिलात वरती दोन टिंबं दिसतात ना, त्याच्यावर डबल क्लिक केलं तर बाकीच्या सगळ्यांचे फोल्डर दिसतायत. भिवंडीवाल्यांचे रेट पण दिसतायत. हे बरोबर आहे का?"

अजिबात बरोबर नव्हतं. आमच्याकडे चाळीसेक पार्टनर रोज रात्री एसएफटीपीने (फाईली सुरक्षित पाठवायची पद्धत) स्टॉकच्या फाईली टाकतात, सगळे युजर मी एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) कन्सोलवर, म्हणजे वेबपानावर, हाताने बनवलेले, आणि काकांचा युजर बनवताना 'रिस्ट्रिक्टेड'ची (याला फक्त याचंच फोल्डर, अशी) टिक मारायची राहिली होती. बाकीच्यांना मारलेली, यांनाच नाही. काका सज्जन म्हणून सांगितलं तरी. त्या आठवड्यात बसून सगळं कोडमध्ये आणलं, ते कसं ते लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सर्व्हिसचं नाव एडब्ल्यूएस ट्रान्सफर फॅमिली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा फक्त एसएफटीपी होतं, २०२० मध्ये एफटीपीएस आणि एफटीपी या फाईल पाठवायच्या आणखी पद्धती आल्यावर हे नाव पडलं. फाईली थेट एसथ्री बकेटमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाईली साठवायच्या जागेत पडतात (किंवा ईएफएस या दुसऱ्या साठवणीत), मशीन सांभाळायची भानगड नाही. मुंबई रीजनमध्ये मिळते.

पहिला निर्णय म्हणजे काय कशाने करायचं. मी सर्व्हर, बकेट, आयएएम रोल (परवानग्यांचा संच), डीएनएस हे टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर वगैरे कोडने उभं करायचं साधन) ठेवलंय आणि युजर पायथॉनच्या एका बोटोथ्री (पायथॉनमधून एडब्ल्यूएस हाताळायची लायब्ररी) स्क्रिप्टमध्ये. सगळं टेराफॉर्ममध्येच घालता येतं, लोक घालतात, पण सर्व्हर वर्षातून एकदा बदलतो आणि युजर दर आठवड्याला, आणि एका पार्टनरची की (लॉगिनची किल्ली) बदलायला सर्व्हरच्या प्लॅनला हात लागावा हे मला झेपत नाही. शिवाय युजरची यादी आमची ऑपरेशन्सवाली मुलगी पण एडिट करते, तिला टेराफॉर्म शिकवण्यापेक्षा साधी यामल (ओळीओळीने लिहायची यादी) फाईल बरी.

सर्व्हर बनवताना एंडपॉइंटचा (पार्टनर जिथे जोडतात ती जागा) प्रकार नीट निवडा. पब्लिक घेतला तर काम पटकन होतं, पण आयपी फिक्स मिळत नाही, आणि मोठ्या कंपन्यांची आयटीवाली माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, आयपी द्या, फायरवॉलमध्ये टाकायचाय." त्यामुळे सरळ व्हीपीसीवाला (एडब्ल्यूएसमधल्या आपल्या खाजगी नेटवर्कवाला) घ्या, त्याला इलास्टिक आयपी (न बदलणारा आयपी) लावा, सिक्युरिटी ग्रुप (कोणाला आत सोडायचं त्याचे नियम) पण लावता येतो. आणि पार्टनरला एडब्ल्यूएसचा तो लांबलचक पत्ता कधीच देऊ नका, स्वतःच्या डोमेनचं एक नाव सीनेम करून (म्हणजे त्या पत्त्याचं टोपणनाव बनवून) तेच द्या. उद्या सर्व्हर नवा बनवावा लागला तर नाव तेच राहील, नाहीतर चाळीस जणांना फोन करत बसा.

तसंच होस्ट कीचं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीचं. सर्व्हर नवा बनला की होस्ट की नवी, आणि मग सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल रंगाची भीतीदायक वॉर्निंग. स्वतःची होस्ट की बनवून सीक्रेट्स मॅनेजरमध्ये (एडब्ल्यूएसची गुपितांची तिजोरी) ठेवा आणि सर्व्हर बनला की ती इम्पोर्ट करा. टेराफॉर्ममध्ये सर्व्हरवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावा, आणि 'फोर्स डिस्ट्रॉय' चुकूनही ट्रू करू नका, ते लावलं की सर्व्हर उडवताना युजर पण विनातक्रार उडतात.

पैशाचं आत्ताच सांगतो. एंडपॉइंट चालू केला की प्रत्येक प्रोटोकॉलला तासाचा दर लागतो, ०.३० डॉलर धरा, म्हणजे तीस दिवसांचे २१६ डॉलर, डेटाचे वेगळे. आणि सर्व्हर 'स्टॉप' केला तरी मीटर चालूच राहतो! डिलीट केल्यावरच थांबतो. मी हुशारी करून टेस्टचा सर्व्हर रोज संध्याकाळी बंद करणारी स्क्रिप्ट लिहिली होती, दोन महिने खूश होतो, मग बिल बघितलं. त्यामुळे टेस्ट सर्व्हर गरज असेल तेव्हा कोडने बनवा, काम झालं की उडवा. बनवल्यावर लगेच युजर घालून लॉगिन करू नका, बोटोथ्रीत सर्व्हर ऑनलाइन व्हायची वाट बघणारा वेटर आहे तो वापरा.

आता युजर, खरी डोकेदुखी इथेच.

आमच्या यामलमध्ये एका पार्टनरची नोंद एवढीच असते: युजरनेम, फोल्डरचं नाव, एक किंवा दोन पब्लिक की (किल्लीचा उघड भाग, प्रायव्हेट की पार्टनरकडेच राहते), आणि तिकडच्या कोणाशी बोलायचं ती टीप. रोल, बकेट, रिस्ट्रिक्टेड हे काही त्यात नाही, ते स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहिलंय, म्हणजे कोणाचं राहून जायचा प्रश्नच नाही. युजरनेमला नियम आहेत, तीन ते शंभर अक्षरं, आणि टिंब, डॅश किंवा ॲट चिन्हाने सुरू होत नाही, ते स्क्रिप्टनेच आधी तपासावं.

काकांवाला घोळ नेमका असा. होम डिरेक्टरीचा प्रकार दोन तऱ्हेचा असतो, पाथ आणि लॉजिकल. कोडमधून काहीच सांगितलं नाही तर पाथ धरला जातो, आणि पाथ म्हणजे फक्त "लॉगिन झाल्यावर इथे उभा राहा", कुंपण नाही, वर चढता येतं, आणि काय दिसेल ते रोलच्या परवानग्यांवर. लॉजिकलमध्ये तुम्ही सांगता की याच्यासाठी नुसता स्लॅश म्हणजे अमुक बकेटमधलं अमुक फोल्डर, मग त्याच्या जगात त्याच्या वर काही नाहीच, बकेटचं नाव पण दिसत नाही. कायम लॉजिकल वापरा. वर सेशन पॉलिसी (त्या लॉगिनपुरती परवानग्यांची मर्यादा) पण लावा, कुंपणाला कुलूप म्हणून. सगळ्यांना मिळून एकच रोल पुरतो, फक्त बकेटला केएमएसचं (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सर्व्हिस) एन्क्रिप्शन असेल तर त्या कीच्या परवानग्या रोलला द्यायला विसरू नका, नाहीतर लॉगिन होतं, फोल्डर दिसतं आणि फाईल टाकली की परमिशन डिनाइड, आणि तुम्ही दुपारभर पॉलिसीतला स्लॅश शोधत बसता.

आणखी एक. एसथ्रीत फोल्डर अशी खरी वस्तू नसते, त्यामुळे मॅपिंगमधलं, म्हणजे त्या 'स्लॅश म्हणजे अमुक फोल्डर' नोंदीतलं, फोल्डर अस्तित्वातच नसेल तर ती नोंद गुपचूप दुर्लक्षित होते. युजर बनवायच्या आधी स्क्रिप्टने शेवटी स्लॅश असलेली शून्य बाइटची वस्तू तिथे ठेवावी. (युजरनेमचा व्हेरिएबल टेराफॉर्ममधून मॅपिंगमध्ये लिहिणार असाल तर डॉलरचं चिन्ह दोनदा टाका, एकदा टाकलं तर टेराफॉर्म तो स्वतःचाच समजतो.)

स्क्रिप्टचं काम सोपं आहे. यामल वाचायची, सर्व्हरवरचे युजर आणायचे, नवे कोण, गेलेले कोण, बदललेले कोण ते काढायचं, आधी नुसतं छापायचं आणि मग 'अप्लाय' म्हटलं तरच करायचं. यादी आणताना पेजिनेटर (पानापानाने सगळी यादी आणणारा) वापरा, नाहीतर पहिल्या पानावरचेच युजर मिळतात आणि उरलेले स्क्रिप्टला नवे वाटतात. यादीत मॅपिंग आणि की येत नाहीत, त्यासाठी प्रत्येक युजरचं वेगळं डिस्क्राइब करावं लागतं, आणि तसं भराभर केलं की थ्रॉटलिंगचा ('फार भराभर विचारताय' असा) एरर येतो, म्हणून बोटोच्या सेटिंगमध्ये रिट्राय वाढवून ठेवा. आणि माझा एक नियम, एका फेरीत तीनपेक्षा जास्त युजर उडणार असतील तर स्क्रिप्ट थांबते आणि माणसाला विचारते. यामलमध्ये एक स्पेस इकडची तिकडे झाली की अर्धी यादी गायब होते, बघितलंय.

की हा वेगळाच तमाशा. युजर अपडेट करण्याच्या कॉलने की बदलत नाही, की घालायचा आणि काढायचा कॉल वेगळा. एका युजरला दहापर्यंत की चालतात, त्यामुळे बदलताना नवी आधी घाला, पार्टनरने लॉगिन करून दाखवलं की मगच जुनी काढा. की तुलना करताना शेवटची कॉमेंट आणि ओळ तोडणारं अक्षर सोडून द्या, फक्त प्रकार आणि मधला लांब तुकडा बघा, नाहीतर स्क्रिप्टला रोज वाटेल की की बदललीय.

आणि लोक की म्हणून काय काय पाठवतात! पुटीजेन या की बनवायच्या सॉफ्टवेअरमधून 'सेव्ह पब्लिक की' दाबलं की वर-खाली बिगिन-एंडच्या ओळी असलेली फाईल येते, ती तशी चालत नाही, एसएसएच-कीजेनने एका ओळीच्या रूपात आणावी लागते किंवा पुटीजेनच्याच वरच्या चौकटीतला मजकूर कॉपी करायला सांगा. एका पार्टनरने तर चक्क प्रायव्हेट की ईमेलने पाठवली, वर "प्लीज डू द नीडफुल". ती की बाद समजायची, त्यांना नवी बनवायला लावायची, "चालतंय हो" नाही म्हणायचं. स्क्रिप्टमध्ये 'प्रायव्हेट' हा शब्द दिसला तर फाईल नाकारायची अशी एक ओळ घातलीय मी.

पासवर्डच पाहिजे म्हणणारे पण भेटतात. सर्व्हिस मॅनेज्ड युजरला, म्हणजे ट्रान्सफर फॅमिलीतच नोंदलेल्या अशा युजरला, पासवर्ड नसतोच, त्यासाठी लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर चालणारा आपला छोटा कोड) लावून ओळख स्वतः तपासता येते, आणि तिथे मॅपिंग ऑब्जेक्ट म्हणून नाही, स्ट्रिंग बनवून परत द्यायचं असतं, माझे यातच दोन तास गेले. शक्यतो पार्टनरला कीवर आणा, सर्व्हर उभा करायच्या आधीच हे बोलून घ्या.

विनएससीपी (फाईलझिलासारखंच सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी सर्व्हरवर 'सेट स्टॅट' (फाईलची तारीख वगैरे बदलायची विनंती) नो-ऑपवर, म्हणजे दुर्लक्ष करण्यावर, ठेवा. फाईल चढल्यावर ते सॉफ्टवेअर तारीख बदलायला जातं, एसथ्रीवर ते होत नाही, फाईल पोचलेली असते पण समोरच्याला एरर दिसतो आणि तो तीच फाईल पाचदा पाठवतो.

पार्टनर सोडून गेला तर? युजर 'डिसेबल' करायचं बटण नाही, की काढून टाका, लॉगिन बंद. नंतर युजर डिलीट करा, त्याच्या फाईली बकेटमध्ये तशाच राहतात, त्यांचं काय करायचं ते बकेटच्या लाइफसायकल नियमात (जुन्या फाईली कधी काढायच्या ते) लिहा.

टेस्टिंगसाठी ओळख तपासणारी एपीआय आहे, पण ती सर्व्हिस मॅनेज्ड युजरला लागू नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टच्या शेवटी एक टेस्ट युजर खरंच एसएफटीपीने आत जातो, फाईल टाकतो, मग दोन टिंबांवरून वर जायचा प्रयत्न करतो आणि शेजारच्या फोल्डरचं नाव घेऊन ते उघडायला बघतो. उघडलं तर स्क्रिप्ट लाल होते आणि मला मेसेज येतो. त्या टेस्टचं नाव मी 'काका' ठेवलंय.