सॅन अँटोनिओ नदीकाठचे गोलिआड स्टेट पार्क कसे पाहावे

दक्षिण टेक्सासमध्ये व्हिक्टोरिया शहराच्या पश्चिमेला सुमारे 25 मैलांवर गोलिआड हे छोटे गाव आहे. गावाच्या दक्षिण वेशीपाशी, हायवे 183 ला लागून, सॅन अँटोनिओ नदीच्या काठी गोलिआड स्टेट पार्क आहे. उद्यानाचा विस्तार 188 एकरांचा, म्हणजे टेक्सासच्या मानाने लहानच. समुद्राकडे जाणारी बरीच मंडळी येथे तासाभर थांबतात, पांढऱ्या चर्चसमोर छायाचित्रे काढतात आणि पुढे निघतात. तसे करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. येथील मिशन (मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी स्पॅनिश धर्मोपदेशकांनी वसवलेले ठाणे), नदी आणि पलीकडच्या तीरावरचा किल्ला ही एकाच गोष्टीची तीन अंगे आहेत, आणि ती योग्य क्रमाने पाहिली तरच त्यांचा अर्थ लागतो. त्यासाठी किमान एक पूर्ण दिवस हवा, आणि जमल्यास एक रात्रीचा मुक्कामही करावा.

सॅन अँटोनिओहून गाडीने येथे यायला पावणेदोन तास पुरतात. ऑस्टिन आणि ह्यूस्टन या दोन्ही शहरांतील मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारची सहल म्हणून हे ठिकाण सोयीचे आहे, कारण दोन्हीकडून साधारण अडीच तासांचा रस्ता आहे. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, ऊन आणि दमट हवा अशी एकत्र येते की दुपारी बाहेर फिरणे नकोसे होते. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला निळी ब्लूबॉनेटची फुले असतात, आणि ऑक्टोबरनंतर हवा सुखद होते; हे दोन्ही काळ उत्तम. प्रवेशपत्र टेक्सासच्या राज्य उद्यानांच्या संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवावे. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. तंबूची किंवा वीज-पाण्याची सोय असलेली जागा हवी असेल तर आरक्षण पाच महिने आधीपासून करता येते, आणि वसंतातील शनिवार-रविवारसाठी ते जितके लवकर कराल तितके चांगले. मोठा पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी उद्यानात फोन करून नदीची स्थिती विचारून घ्यावी, कारण पूर आला की काठावरच्या वाटा बंद होतात.

सकाळी पोहोचल्यावर चर्चकडे धाव न घेता आधी नदीकडे उतरावे. काठाने जाणारी पायवाट फार लांब नाही आणि लहान मुलांनाही झेपते. पेकन आणि अनाकुआच्या झाडांखालून चालताना पाणी दिसते ते गढूळ, मातकट आणि संथ. हीच नदी वर सॅन अँटोनिओ शहरातून वाहत येते, जेथे आलामो आणि आणखी चार जुनी मिशने तिच्याच आसऱ्याने उभी राहिली आणि 2015 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. गोलिआडचे मिशन त्याच साखळीतले, पण प्रवाहाच्या खालच्या अंगाचे. काठाची माती ओली असताना फार निसरडी असते, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. वाट सोडून झुडपांत शिरू नये. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीचा स्पर्श झाला तर कातडीवर पुरळ उठते. गवतावर सतरंजी अंथरण्यापूर्वी लाल मुंग्यांची वारुळे पाहून घ्यावीत, कारण त्यांचा चावा झोंबणारा असतो.

नदी पाहून झाली की मग मिशनकडे वळावे, आणि जाताना त्याचा इतिहास मनात असू द्यावा. नुएस्त्रा सेन्योरा देल एस्पिरितू सान्तो हे फ्रान्सिस्कन पंथाचे मिशन 1722 साली प्रथम समुद्राजवळ, गार्सितास ओढ्याकाठी स्थापन झाले. त्याच परिसरात त्याआधी फ्रेंचांनी वसाहत थाटली होती, आणि त्या किनाऱ्यावर पुन्हा कोणी पाय रोवू नये यासाठी स्पेनने मिशनच्या जोडीला सैनिकी ठाणेही दिले. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी कारांकावा लोकांशी बेबनाव झाल्यावर 1726 मध्ये मिशन ग्वादालूपे नदीवर हलले, आणि 1749 मध्ये ठाण्यासह येथे आले. येथे त्याचा आधार होते अरानामा आणि तामिके हे मूळ रहिवासी लोक. मिशनची भरभराट झाली ती गुराढोरांमुळे. आसपासच्या मोकळ्या कुरणांवर हजारो जनावरे चरत. टेक्सासमधील पहिल्या मोठ्या पशुपालन केंद्रांत याची गणना होते, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिशांशी लढणाऱ्या स्पॅनिश सेनापती बर्नार्दो दे गाल्वेझच्या सैन्याला या भागातून गुरे पुरवली गेली. घोड्यावर बसून गुरे वळणे, डागणे आणि हाकणे ही कामे मिशनमध्ये राहणारे हे मूळ रहिवासीच करीत. धर्मांतर, नवी भाषा, बांधील दिनक्रम आणि बाहेरून आलेले रोग यांची किंमतही त्यांनीच मोजली. संग्रहालयात विणकाम, हस्तकला आणि गुरांच्या धंद्याविषयीचे प्रदर्शन पाहताना प्रत्येक वस्तूपुढे ‘हे कोणाच्या हातांनी झाले?’ असा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. मला या संपूर्ण भेटीतला तो सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

आता चर्चविषयी. 1830 साली मिशन अधिकृतपणे संपुष्टात आले. त्यानंतर इमारती ओस पडल्या, आणि गावातली घरे बांधायला लोकांनी तेथील दगड नेले. 1850 च्या दशकात या आवारात अरानामा कॉलेज नावाची शाळा चालत असे, पण यादवी युद्धाच्या सुरुवातीला तीही बंद पडली. आज जे पांढरे चर्च डोळ्यांत भरते ते 1930 च्या दशकातील महामंदीच्या काळात, बेरोजगारांना काम देण्यासाठी सुरू झालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या मजुरांनी जुन्या अवशेषांवर पुन्हा उभारलेले आहे. रेफर्ड स्ट्रिपलिंग आणि सॅम्युअल व्हॉस्पर या वास्तुविशारदांनी त्या कामाला दिशा दिली. पुनर्बांधणी म्हणजे नक्कल, असे समजून नाक मुरडू नये. दाराशी जाऊन लाकडावरचे कोरीव काम जवळून पाहावे. बिजागऱ्या आणि कड्या भट्टीत तापवून हाताने घडवलेल्या आहेत, त्यामुळे एक दुसरीसारखी तंतोतंत नाही. फरशांची मातीही हाताने थापलेली आहे. साचे, भाते, घण हे सगळे शिकत शिकत ज्यांनी हे केले ते मंदीच्या काळात पोटासाठी येथे आलेले लोक होते. आत शिरल्यावर काही वेळ शांत बसावे. उंच, साधा, फारशी सजावट नसलेला तो दालनवजा गाभा बाहेरच्या उन्हानंतर फार थंड वाटतो.

दुपारी जेवणासाठी झाडांखालच्या बाकांवर जागा मिळते. शाकाहारी मंडळींनी गावातील उपाहारगृहांवर विसंबून राहू नये. पर्याय मोजके असतात आणि मेक्सिकन पद्धतीच्या शिजवलेल्या घेवड्यातही कधीकधी डुकराची चरबी घातलेली असते, म्हणून विचारूनच मागवावे. दशम्या, चटणी, दहीभात असा डबा घरून आणला तर उत्तमच. पाणी मात्र भरपूर बरोबर हवे. उद्यानात उघड्यावर मद्यपान करण्यास मनाई आहे, कुत्र्याला दोरीने बांधूनच फिरवावे लागते आणि इमारतींत नेता येत नाही. सरपण गोळा करणे, झाडांची पाने-फुले किंवा जुने दगड-खापऱ्या उचलून नेणे हे सगळे नियमबाह्य आहे. ज्यांना मासेमारीची हौस आहे त्यांना उद्यानाच्या काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःची होडी किंवा कयाक आहे त्यांच्यासाठी नदीवर 6.6 मैलांचा जलमार्ग आखलेला आहे. तो हायवे 59 च्या पुलापासून सुरू होऊन उद्यानापाशी संपतो. पाणी फारच उतरले की वाळूचे बांध आणि पडलेली झाडे वाट अडवतात, म्हणून नवख्यांनी एकट्याने जाऊ नये आणि जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसावे.

ऊन उतरल्यावर हायवेवरचा पूल ओलांडून दक्षिणेकडच्या टेकाडावर जावे. तेथे प्रेसिडिओ ला बाहीया हा किल्ला, म्हणजेच मिशनबरोबर हलत आलेले ते सैनिकी ठाणे, आहे. तो राज्य उद्यानाचा भाग नाही. कॅथलिक धर्मप्रांताच्या मालकीचा असल्याने त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. मिशन आणि ठाणे एकत्रच स्थलांतर करीत आले, त्यामुळे हा दगडी तट पाहिल्याशिवाय मिशनची गोष्ट अर्धीच राहते. 27 मार्च 1836 रोजी, पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) सकाळी, मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आना याच्या आज्ञेवरून, मेक्सिकोपासून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या येथील टेक्सन कैद्यांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या गेल्या; जेम्स फॅनिन या त्यांच्या अधिकाऱ्याला किल्ल्यातच मारण्यात आले, आणि मृतांची संख्या साडेतीनशेच्या आसपास होती. काही कैदी वाचले ते फ्रांसिता आलाव्हेझ नावाच्या स्त्रीमुळे, आणि गाव, उद्यान व किल्ला यांना जोडणारी पायवाट तिच्याच स्मरणार्थ आहे. तटाच्या आतले छोटे प्रार्थनागृह आजही वापरात आहे, तेथे आवाज खाली ठेवावा. मृतांचे स्मारक किल्ल्याच्या जवळच आहे.

किल्ल्याशेजारी इग्नासिओ झारागोझा याचे जन्मस्थान आहे. 5 मे 1862 रोजी पुएब्ला येथे फ्रेंच सैन्याला मागे रेटणारा हा मेक्सिकन सेनापती 1829 साली येथे जन्मला. अमेरिकेत दरवर्षी 5 मेला होणारा सोहळा त्याच लढाईचा, आणि त्या लढाईचा नायक या नदीकाठचा आहे हे आपल्याकडच्या मुलांना सहसा माहीत नसते.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवसाची सकाळ रोसारिओ मिशनसाठी ठेवता येते. कारांकावा लोकांसाठी 1754 मध्ये स्थापन झालेल्या या मिशनचे अवशेष गावाच्या पश्चिमेला चारेक मैलांवर आहेत. तेथे स्वतः जाता येत नाही, उद्यानाच्या कर्मचाऱ्यांबरोबर आधी वेळ ठरवूनच नेले जाते, म्हणून आरक्षण करतानाच ही चौकशी करून ठेवावी. पुनर्बांधणी न झालेल्या त्या भिंतींमुळे एस्पिरितू सान्तोचे काय झाले असते याची कल्पना येते.