गिलाव्याआड गेलेले ज्ञान : लहान बांधकाम व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

बांधकामात आज केलेले काम उद्याच्या कामाखाली झाकले जाते. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, नळ आणि वायरिंगचे पाइप गिलाव्याआड जातात आणि वॉटरप्रूफिंग फरशीखाली. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात यंत्र बिघडले, तर झाकण काढून आत पाहता येते. इमारतीचे झाकण काढायचे म्हणजे छिन्नी-हातोडाच हाती घ्यावा लागतो. आत काय आहे, कोठे आहे आणि ते तसे का केले, हे कळण्यासाठी वेळच्या वेळी केलेल्या नोंदीखेरीज दुसरा आधार नसतो. मालक, एक साइट इंजिनीअर, दोन मुकादम आणि एका वेळी तीन-चार साइट एवढाच पसारा असलेल्या नाशिकमधील अनेक व्यवसायांत मात्र ही नोंद कागदावर नसून कोणाच्या तरी डोक्यात असते. अशा कामांवर मी इंजिनीअर म्हणून राबलो आहे, आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्याच हातून घडल्या आहेत.

मुकादम गावी गेला की काम अडते

मृगाचा पाऊस पडला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेली माणसे भाताच्या आवणीसाठी गावाकडे निघतात. उत्तर भारतातून आलेले कारागीर होळीला किंवा छठपूजेला जातात. हे ठरलेले असूनही दरवर्षी आपली तारांबळ उडते. दुखणे किती खोल आहे हे पाहायचे असेल, तर मुकादम गेल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांत त्याला साइटवरून किती फोन गेले ते मोजावे. ज्या ज्या प्रश्नासाठी फोन करावा लागला, त्याचे उत्तर दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

मखमलाबादकडील एका बंगल्याच्या कामात लाईनआउटच्या, म्हणजे जमिनीवर आखणी करण्याच्या वेळी शेजारच्या कंपाउंडची भिंत आमच्या हद्दीत चार इंच आल्याचे आढळले. मुकादमाने मालकांना विचारून त्या बाजूची रेषा चार इंच आत घेतली आणि तिची खूण तेथील एका जुन्या खांबावर लाल रंगाने केली. पुढे तो आवणीसाठी गेला, तो खांबही पाडला गेला, आणि नव्या मुकादमाने जिन्याकडील भागाची आखणी नकाशाबरहुकूम, म्हणजे त्याच्या परीने अगदी बिनचूक केली. जिन्याची भिंत खोलीच्या भिंतीशी जुळेना, तेव्हा दोन दिवस आम्ही त्या नव्या मुकादमालाच दोष देत होतो.

अशा वेळी ‘मुकादमाकडून सगळे लिहून घ्या’ असा सल्ला हमखास दिला जातो आणि तो हमखास फसतो. चांगल्या मुकादमाला लिहिण्याचा कंटाळा असतो. शिवाय त्याला जे येते त्यातील बराचसा भाग लिहिण्याजोगा नसतोच. फावड्यावरून माल कसा घसरतो एवढे पाहून पाणी जास्त झाले की नाही हे जो सांगतो, त्याला ते शब्दांत मांडायला सांगणे व्यर्थ आहे. म्हणून येथे दोन वेगळे उपाय करावे लागतात. आखणी, लेव्हल, हद्द यांसारख्या सांगता येणाऱ्या गोष्टींसाठी मुकादम जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याबरोबर आणि त्याच्या जागी येणाऱ्या माणसाबरोबर साइटवर तासभर फिरावे, त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे आणि मोबाइलवर ते चित्रित करावे. हाताच्या कौशल्यासाठी मात्र एक तरुण मिस्त्री वर्षभर त्याच्या जोडीला ठेवणे हाच मार्ग आहे. काम लवकर उरकावे म्हणून अनुभवी गवंड्याला एका साइटवर आणि शिकाऊ माणसाला दुसऱ्या साइटवर पाठवणारा मालक त्या महिन्याची मजुरी वाचवतो, परंतु पुढच्या वर्षीचा गवंडी घालवून बसतो.

व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे दप्तर नव्हे

व्हॉट्सॲपमुळे निरोप लवकर पोहोचतो, यात शंका नाही. अडचण अशी की ग्रुपमध्ये सुप्रभाताचे फुल, सिमेंटच्या गाडीचे चलान आणि आर्किटेक्टने पाठवलेला सुधारित नकाशा यांची किंमत सारखीच ठरते, आणि तीन आठवड्यांनी यातील नेमके काय शोधायचे हे कोणालाच आठवत नाही. मोबाइलमधील जागा संपली की सर्वप्रथम साइटचे फोटो पुसले जातात, हेही लक्षात ठेवावे.

यातील सर्वांत महागडी चूक नकाशांच्या बाबतीत होते. साइटवर चिकटवलेला छापील नकाशा जुना असतो, सुधारित नकाशा इंजिनीअरच्या फोनमध्ये असतो आणि प्लंबरने तिसराच स्क्रीनशॉट जपून ठेवलेला असतो. टॉयलेटच्या सनकन स्लॅबची, म्हणजे नळांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबची जागा बदलल्याचे स्लॅब भरल्यानंतर लक्षात येणे, हा याचा नेहमीचा शेवट. प्रत्येक नकाशावर सुधारणेचा क्रमांक व तारीख असावी, कार्यालयात एका वहीत ‘सध्या चालू असलेला नकाशा कोणता’ एवढीच नोंद असावी, आणि नवा नकाशा साइटवर देताना जुना परत घेऊन त्यावर लाल रेघ मारावी. जुना नकाशा परत घेण्याची ही शेवटची पायरीच लोक गाळतात, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

फोटो आहेत, पण भिंत कोणती?

इंदिरानगरमधील एका फ्लॅटच्या छताला ओल आली, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो, कारण प्लंबिंगच्या वेळचे दोनशेच्या आसपास फोटो आमच्याकडे होते. ते उघडून पाहिल्यावर कळले की गिलावा न केलेल्या विटांच्या सगळ्या भिंती फोटोत सारख्याच दिसतात. कोणता मजला, कोणती खोली, नळ कोपऱ्यापासून किती अंतरावर, यांपैकी काहीही त्या फोटोंवरून सांगता येईना. शेवटी तीन ठिकाणी भिंत फोडली आणि नळाचा गळका जोड चौथ्या ठिकाणी सापडला.

त्यानंतर घालून घेतलेली पद्धत अशी आहे. एका लहान पाटीवर खडूने मजला, खोलीचे नाव, भिंतीची दिशा आणि तारीख लिहायची आणि ती पाटी भिंतीला टेकवायची. पहिला फोटो दार किंवा कोपरा दिसेल असा लांबून घ्यायचा, आणि दुसरा जवळून, टेप लावून, कोपऱ्यापासूनचे आणि लेव्हलच्या रेषेपासूनचे अंतर वाचता येईल असा. काँक्रीट ओतण्याआधी, गिलाव्याआधी आणि फरशी बसवण्याआधी अशा तीन वेळा हे करायचे, कारण या तीन क्षणांनंतर माहिती कायमची झाकली जाते. रोज शंभर फोटो काढणारा इंजिनीअर मला आता कामसू वाटत नाही. या तीन प्रसंगी पाटी घेऊन उभा राहणारा वाटतो.

सळईच्या बाबतीत याचे महत्त्व आणखी वाढते. आयएस 456 या भारतीय मानकानुसार कॉलमच्या सळईला साधारणपणे 40 मिलिमीटर आणि फुटिंगला, म्हणजे पायाच्या तळाला, किमान 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, द्यावे लागते. हे अंतर राखणारे कव्हर ब्लॉक बसवले होते की नाहीत, हे काँक्रीट ओतल्यानंतर नुसत्या डोळ्यांनी कोणीही सांगू शकत नाही, आणि कव्हर कमी पडल्याचे पुढे गंजाने फुटलेले काँक्रीटच सांगते.

नियम पोहोचतो, त्यामागचे कारण मागे राहते

माझ्या मते ही सर्वांत घातक चूक आहे, कारण येथे ज्ञानाची देवाणघेवाण झालेली असते आणि तिच्यातूनच नुकसान होते. ‘स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढले तरी चालते’ हे वाक्य नाशिकच्या साइटवर कोठेही ऐकू येईल. ते खोटे नाही. ते अर्धवट आहे. आयएस 456 मधील सात दिवसांची मुदत 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, स्लॅबसाठी आहे. गाळा त्याहून मोठा असेल तर 14 दिवस, तर बीमखालील टेकूंसाठी 6 मीटरपर्यंतच्या गाळ्याला 14 आणि त्यापुढे 21 दिवस सांगितले आहेत. या मुदतींना आणखी अटी आहेत : सिमेंट साधे पोर्टलँड म्हणजे ओपीसी असावे, क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, पुरेसे झालेले असावे आणि हवेचे तापमान 15 अंशांखाली जाऊ नये. आपल्याकडे घरबांधणीत सर्रास पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेले सिमेंट वापरले जाते, त्याची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री 15 अंशांच्या बराच खाली उतरतो. म्हणजे ज्या अटींवर हा नियम उभा आहे, त्यांपैकी दोन अटी आपल्या हिवाळ्यातील कामावर सहसा लागूच होत नाहीत; अशा वेळी मुदत वाढवावी लागते आणि किती वाढवायची हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे लागते. एका मुकादमाने मे महिन्यात, लहान गाळ्याच्या स्लॅबवर घेतलेला अनुभव दुसऱ्याने जानेवारीत, मोठ्या हॉलच्या स्लॅबवर वापरला, तर चूक दुसऱ्याची नसते. त्याला वाक्य सांगणाऱ्याने कारण सांगितलेले नसते.

पायाबाबतही हेच होते. नाशिकच्या बऱ्याच भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा काळा खडक असतो. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आक्रसते, म्हणून फुटिंग तिच्यावर न टेकवता खालच्या पक्क्या थरापर्यंत न्यावे लागते. परंतु तो थर एका प्लॉटवर पाच फुटांवर लागला म्हणून शेजारच्या प्लॉटवरही तेथेच लागेल, असे मुळीच नाही. ‘त्या भागात पाच फूट पुरते’ ही माहिती धोक्याची आहे; ‘अमुक प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यातील खड्ड्यात साडेचार फुटांपर्यंत काळी माती होती, पाच फुटांवर कठीण मुरूम लागला, म्हणून तेथे थांबलो’ ही नोंद उपयोगाची आहे. खड्ड्यांची अशी एक वही प्रत्येक व्यावसायिकाने ठेवावी. दहा-बारा कामांनंतर नव्या कामाचा अंदाज बांधताना तिची किंमत कळते, मात्र ती मातीपरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

डायरीत म्हणूनच निर्णयापुढे ‘कारण’ असा एक रकाना असावा आणि तो रिकामा असेल तर इंजिनीअरने सही करू नये.

चूक सांगणाऱ्याचीच मजुरी कापली जाते

कॉलमची फळी उघडली आणि तळाशी हनीकोंब दिसला, खडी उघडी पडली, तर बहुतेक साइटवर पुढे काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. इंजिनीअर येण्यापूर्वी सिमेंटचा माल थापला जातो आणि कॉलम गुळगुळीत दिसू लागतो. याला आपण कामगारांचा अप्रामाणिकपणा म्हणतो, पण मागच्या वेळी ज्याने खरे सांगितले त्याचे पैसे कापले होते, हे आपण विसरलेलो असतो. त्या कापलेल्या पाचशे रुपयांत आपण एक मोठी माहिती गमावली : फळीच्या सांध्यातून पाणी गळत होते, व्हायब्रेटर तळापर्यंत पोहोचत नव्हता की माल फार उंचावरून टाकला, यांपैकी नेमके काय झाले होते, हे आता कधीच कळणार नाही आणि पुढच्या कॉलमला तेच होईल.

त्याच दिवशी स्वतःहून सांगितलेल्या चुकीला दंड नाही आणि लपवलेल्या चुकीला आहे, असा नियम मालकाने स्वतः साइटवर उभे राहून जाहीर करावा आणि पहिल्या प्रसंगी तो पाळून दाखवावा. आमच्याकडे शनिवारी पगारवाटपाच्या आधी पंधरा मिनिटे ‘या आठवड्यात काय बिघडले’ एवढाच विषय घेतला जातो. सुरुवातीचे दोन महिने कोणी तोंड उघडले नाही. नंतर एका सेंटरिंगवाल्याने आपलीच चूक सांगितली, मालकांनी चहा मागवला, आणि मग इतरांची जीभ सैल झाली.

फॉर्म, ॲप आणि चलाने

महागडे सॉफ्टवेअर घेऊन त्यातील इंग्रजी फॉर्म मुकादमाच्या हाती देणे, ही चूक थोडक्यात आटोपता येईल : तो फॉर्म संध्याकाळी कार्यालयात बसून कोणीतरी अंदाजाने भरतो. फॉर्म मराठीत किंवा हिंदीत असावा, एका पानाचा असावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी मंजूर नमुना समोर ठेवावा. सहा फूट गिलावा केलेली नमुना भिंत किंवा बरोबर वाकवलेली सळईची एक रिंग यांच्या तोडीची सूचना कागदावर लिहिता येत नाही.

रेडीमिक्स काँक्रीटच्या चलानावर ग्रेड, वेळ आणि गाडीचा क्रमांक असतो, परंतु तो माल इमारतीत नेमका कोठे गेला, हे नसते. चलानाच्या मागे कॉलमचे क्रमांक लिहिण्याची सवय लावावी आणि क्यूबवरही, म्हणजे त्याच मालाच्या चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्यावरही, तोच संदर्भ टाकावा. क्यूबची 28 दिवसांची चाचणी कमी आली आणि तो माल कोणत्या कॉलममध्ये आहे हेच ठाऊक नसले, तर संशय सगळ्या कॉलमवर जातो आणि तपासणीचा खर्चही सगळ्यांवर होतो. अंदाजपत्रकाचेही तसेच : सळईचे दर मीटरचे वजन किलोत काढण्याचे ‘मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले 162’ हे सूत्र सर्वांना पाठ असते, पण गेल्या कामात काढलेले वजन आणि प्रत्यक्ष आलेली सळई यांत किती फरक पडला, हे फारच थोडे व्यावसायिक सांगू शकतात. त्यामुळे पुढचा दर पुन्हा अंदाजानेच दिला जातो.

ताबा दिला म्हणजे फाईल बंद झाली, हा समज

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांत रचनेतील किंवा कारागिरीतील दोष दाखवून दिला, तर नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, तो विनाशुल्क, 30 दिवसांत दुरुस्त करावा लागतो. पाच वर्षांत इंजिनीअर बदलतो, मुकादम बदलतो, फोन तर दोनदा बदलतो. जे 30 दिवस दुरुस्तीसाठी हवेत, ते नळ कोठून गेला आहे हे शोधण्यातच संपू नयेत. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात कामांची आणि माणसांची ओढाताण वाढत असताना अनुभवी मिस्त्री दुसऱ्याकडे जाणे तर आणखीच सोपे आहे.

म्हणून ताबा देण्याआधी प्रत्येक घराची एक फाईल करावी. तिच्यात शेवटचा नकाशा, पाटीसह काढलेले नळांचे व वायरिंगचे फोटो, वॉटरप्रूफिंगची तारीख आणि वापरलेल्या टाइल्स व रंगाचे क्रमांक एवढेच असले तरी पुरते. छापील प्रत घरमालकाला द्यावी आणि दुसरी कार्यालयात ठेवावी. संगणकातील प्रत एकाच फोनवर न ठेवता निदान दोन जागी असावी. घरमालकाला फाईल देताना फोटोतील भिंत आणि खरी भिंत त्याच्यासमोर जुळवून दाखवावी, कारण पुढे गीझर किंवा एसी बसवणारा ड्रिल घेऊन येतो तेव्हा आपण तेथे नसतो आणि फाईल उघडायची ती घरमालकालाच असते.