रंगपंचमीच्या बैठकीसाठी माउथऑर्गनवर काफी

इंदुरात गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे गेली, मंडळी आंघोळी उरकून गच्चीवर जमली आणि कुणी ढोलकी ओढून घेतली, की माउथऑर्गन बाहेर काढावा. होरी, म्हणजे होळीची गाणी, परंपरेने काफी रागात गातात, आणि दहा भोकांच्या साध्या माउथऑर्गनमध्ये काफी आयता बसलेला असतो. फक्त सा कुठे धरायचा ते कळायला हवं.

वाद्य पांढरी एकचं, म्हणजे सी स्केलचं घ्या. चोवीस भोकांचा ट्रेमोलो या कामाला नको. त्यात प्रत्येक स्वराला किंचित बेसूर लावलेल्या दोन पट्ट्या (रीड) असतात. संथ गाण्यात ती थरथर गोड लागते, द्रुत लयीत मात्र एक स्वर दुसऱ्यात मिसळतो.

बहुतेक जण ४ नंबरचं भोक फुंकून सा धरतात, त्यातून बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, निघतो. काफीसाठी ४ नंबर ओढून सा धरायचा. मग गंधार-निषाद आपोआप कोमल येतात (‘ओ’ म्हणजे ओढ, ‘फु’ म्हणजे फुंक):

सा ४ओ, रे ५फु, ग ५ओ, म ६फु, प ६ओ, ध ७ओ, नि ७फु, तार सा ८ओ

प वरून ध वर जाताना घोळ होतो. तोपर्यंत ओढ आणि फुंक आळीपाळीने येत असतात, इथे मात्र ओढ कायम ठेवून फक्त घर (भोक) बदलायचं असतं. शिवाय सातव्या घरापासून क्रम उलटतो: ओढलेला स्वर खालचा, फुंकलेला वरचा. म्हणून ‘प ध नि सा’ एवढाच तुकडा वेगळा घोटा. खाली मंद्र नि (४फु) आणि ध (३ओ) आहेत, पण मंद्र प सरळ वाजवून मिळत नाही. धून निवडतानाच ती मंद्र धच्या खाली जात नाही ना, आणि तिच्यात शुद्ध गंधार येत नाही ना, हे पाहा.

आता काफीचं ओळखीचं चलन:

सासा रेरे गग मम | प

केहरवा तालाच्या आठ मात्रांत आठ आघात आणि पंचम समेवर. जोडस्वरांसाठी वाऱ्यात खंड पाडू नका. वारा चालू ठेवून जिभेनं ‘त-क’ म्हणा. ओढताना ‘क’ हमखास लुळा पडतो, म्हणून रोज दोन-तीन मिनिटं ४ओ वर नुसतं ‘क-क-क’ करा. मेट्रोनोम ६० वर ठेवून ठोक्याला दोन स्वर घ्या. सलग चार आवर्तनं स्वच्छ निघाली तरच ५ ने वाढवा. ११० च्या आसपास होरीला हवी ती उसळी येते. जोरात ओढून ती येत नाही, उलट स्वर उतरतो.

दम लागण्याचं कारणही इथंच आहे. सा, ग, प, ध हे चारही स्वर ओढीचे, त्यामुळे छाती रिकामी न होता भरत जाते आणि तिसऱ्या आवर्तनाला कोंडल्यासारखं होतं. उपाय जास्त श्वास घेण्याचा नाही, सोडण्याचा आहे. रे आणि म फुंकताना नाकावाटेही हवा जाऊ द्या.

ठेका हवा असेल तर सा वर थांबताना ओठ चार घरांवर पसरा आणि १-२-३ जिभेनं झाका. केहरव्याच्या ‘ना’ या बोलावर जीभ क्षणभर उचलून लगेच टेकवा. सा, म, ध यांचा भरीव झंकार खाली वाजतो. प वर हे करू नका. तिथे ३-४-५ उघडली की ध, सा, ग एकदम वाजतात आणि पंचमाचं तेज जातं. जीभ घरांवर टेकलेली असताना ‘त-क’ जमत नाही, म्हणून धावत्या जागी ओठ सीटीसारखे आवळा आणि झंकार फक्त ठहरावाच्या जागी घ्या.

जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे किंवा शेव खाऊन तसाच माउथऑर्गन तोंडाला लावला, तर कण पट्टीखाली बसतो आणि नेमका एक स्वर मुका होतो. आधी खळखळून चूळ भरा. वाद्य पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा. थंड पट्टीवर वाफ साचून स्वर अडतो. अडलाच तर भोकं खाली करून तळव्यावर हलके आपटा. तरीही आवाज नसेल तर ओढीच्या स्वरासाठी खालचं, फुंकीच्या स्वरासाठी वरचं झाकण काढा आणि टूथपिकनं पट्टीचं मोकळं टोक हळूच हलवा. मधली फळी लाकडी असेल तर वाद्य कधीही धुऊ नका, ती फुगते.

या पद्धतीत सगळ्यात जास्त झिजतो तो ४ओ, कारण सा तोच. तो उतरल्यासारखा वाटला तर ८ओ शी ताडून पाहा. आणि गेरीत वाद्य खिशात नेऊ नका. गुलालाची पूड पट्ट्यांच्या फटीत गेली की निघता निघत नाही.