पेज फॉल्टनंतर परत कुठे जायचं?

ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर मी पाठांतरावर काढला होता. इंटरप्ट (बाहेरून, म्हणजे टायमर किंवा उपकरणाकडून आलेला व्यत्यय) आणि ट्रॅप (चालू इन्स्ट्रक्शनमुळेच सिस्टिमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे जावं लागणं) यांतला फरक पाच मार्कांपुरता येत होता, बस. खरं शिकणं झालं ते नोकरीला लागल्यावर, रात्रीची जेवणं आटोपून एक्सव्ही६ उघडायला लागलो तेव्हा. एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटीशी, युनिक्सच्या ६व्या आवृत्तीच्या वळणाची सिस्टिम. वेगळा बोर्ड घ्यावा लागत नाही, साध्या लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालते.

मी एक बदल करायला घेतला. प्रोग्रामने मेमरी मागितली तरी लगेच द्यायची नाही, नुसता प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) नोंदवलेला आकार वाढवून ठेवायचा. प्रोग्राम त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावेल तेव्हा पेज फॉल्ट होईल, म्हणजे तिथे मेमरीच नाही म्हणून प्रोसेसर अडेल आणि कर्नलला बोलावेल. मग कर्नलने ४०९६ बाइट्सचं रिकामं पेज घ्यायचं, शून्यांनी भरायचं, पेज टेबलात (प्रोग्रामचा कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे याच्या तक्त्यात) नोंदवायचं आणि परत फिरायचं.

परत, पण कुठे? सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रामने स्वतःहून कर्नलकडे काम मागण्याच्या) कोडमध्ये पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जाण्यासाठी परतीच्या पत्त्यात ४ मिळवलेले होते, तेच मी उचलून इथे लावलं. प्रोग्राम कोसळला नाही. फक्त ७ लिहिले आणि वाचले तर ०! दोन रात्री मी मेमरी देणारं फंक्शन तपासत बसलो. शेवटी डीबगरमध्ये एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकवली, तेव्हा दिसलं: ७ लिहिणारी इन्स्ट्रक्शनच मी ओलांडून जात होतो.

सिस्टिम कॉलचं काम कर्नलने पुरं केलेलं असतं, म्हणून पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जायचं. फॉल्टमध्ये काम अडलेलं असतं, म्हणून तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायची. टायमर इंटरप्टशी तर प्रोग्रामचा काही संबंधच नसतो, त्याला कळूही न देता परत यायचं. त्यासाठीच रिस्क-फाइव्हचे (एक्सव्ही६ ज्यावर चालते त्या प्रोसेसरचे) ३१ रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा, जसेच्या तसे जपून ठेवलेले असतात. हे एकदा हाताखालून गेलं की पुस्तकातल्या व्याख्या आपोआप सुटतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी ट्रॅपचं कारण आणि फॉल्टचा पत्ता नुसता छापून बघावा. कारणाचा आकडा १३ म्हणजे वाचताना अडलं, १५ म्हणजे लिहिताना. त्यानंतर कॉपी-ऑन-राइट फोर्क करायला घ्या. फोर्क म्हणजे एका प्रोसेसमधून तिच्यासारखीच दुसरी काढणं; या प्रकारात पालक आणि मूल प्रोसेस एकच पेज वापरतात आणि लिहायची वेळ आली की मगच प्रत होते. तिथे बहुतेकजण एका जागी अडतात: फाइल वाचून कर्नल स्वतःच त्या सामायिक पेजवर लिहितो, तेव्हा फॉल्ट येतच नाही. कर्नलमधून प्रोग्रामच्या मेमरीत डेटा नेणारं कॉपीआउट फंक्शन पेज टेबल स्वतः चाळून पत्ता काढतं, त्यामुळे प्रत करण्याची तपासणी तिथेही हाताने लिहावी लागते.