जर्मन शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा

पुण्यात जर्मनच्या ए-वनचा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, वर्ग सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. बाईंनी टेबलावर किल्ली ठेवली आणि विचारलं, "व्हो इस्ट डेअर श्ल्युसेल?" मी म्हटलं, "एस लीग्ट आउफ डेम टिश." मग त्यांनी मराठीत विचारलं, "किल्ली कुठे आहे?"

"ती काय, टेबलावर."

"मराठीत 'ती' म्हणतेस, मग जर्मनमध्ये 'एस' कुठून आणलंस?"

इंग्रजीतून आणलं होतं. निर्जीव वस्तू दिसली की 'इट', ही शाळेपासूनची सवय. श्ल्युसेल पुल्लिंगी, म्हणून 'एअर लीग्ट' हवं होतं.

आपल्याकडे तीन लिंगं जन्मापासून आहेत, ही फार मोठी शिदोरी आहे. फक्त कुठल्या शब्दाचं लिंग कुठलं, ते नव्यानं पाठ करावं लागतं. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'डेअर' लागतं, स्त्रीलिंगी नामाआधी 'डी' आणि नपुंसकलिंगी नामाआधी 'डास'. चमचा तो आणि डेअर ल्योफेल, इथे जुळलं. काटाही तो, पण गाबेलला डी लागतं. सुरी ती, तर मेसरला डास. म्हणून नुसतं 'गाबेल' कधीच पाठ करू नका, 'डी गाबेल' हाच पूर्ण शब्द समजा.

शेवटावरून थोडं कळतं. 'उंग'नं संपणारे त्साइटुंग, व्होनुंग हे डी. 'श्प्रुंग'सारखे मोजके आखूड शब्द सोडायचे. 'हाइट', 'काइट'वालेही डी. 'शेन' लागलं की डास, म्हणून मुलगी असूनही डास मेडशेन. वर्गात सगळे चक्रावले, पण गोव्याची मैत्रीण शांत होती. कोकणीत मुलीला 'तें चेडूं' म्हणतातच की!

खरा फायदा होतो तो 'झाइन' (त्याचा) आणि 'ईअर' (तिचा) यांमध्ये. हिंदीत 'उसका भाई' म्हटल्यावर भाऊ त्याचा की तिचा, कळत नाही. मराठीत मालकही दिसतो आणि वस्तूचं लिंगही: त्याचा भाऊ, त्याची बहीण, तिचा भाऊ, तिची बहीण. जर्मनमध्ये हेच: झाइन ब्रूडर, झाइने श्वेस्टर, ईअर ब्रूडर, ईअरे श्वेस्टर. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा, मालक चुकणार नाही.

कर्माच्या जागी एकवचनात फक्त पुल्लिंग बदलतं, डेअरचं डेन होतं. डी आणि डास तसेच राहतात. मी वहीत पुल्लिंगी नामं निळ्या शाईनं लिहायचे. निळं दिसलं की आधी थांबायचं आणि मग म्हणायचं, "इश ब्राउखे डेन ल्योफेल."