गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र सुधारायचं आहे? मोहीम अशी चालवा

सरकारी दवाखान्याबद्दलची बहुतेक निवेदनं "आरोग्य सेवा सुधारावी" एवढ्यावरच थांबतात. या मागणीला कुठलाही अधिकारी नाही म्हणत नाही, आणि ती मान्य करून कुणावर काही बंधनही येत नाही. पण "सर्पदंशावरची लस 3 जुलै ते 19 जुलै केंद्रात नव्हती, ती पुन्हा संपू नये म्हणून किमान किती साठा ठेवणार, ते लेखी कळवावं" असं लिहून दिलं की उत्तर द्यावंच लागतं. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंत कसं पोहोचायचं आणि तिथून काम होईपर्यंत कसं टिकायचं, ते पुढे दिलं आहे.

रस्ता नवा नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झालं आणि त्याचाच भाग म्हणून 2007 पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं, अशी ती पद्धत. कुठल्याही गावाला ती आपल्या बळावर वापरता येते.

आधी दार कोणाचं ते ओळखा

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की "आमच्या अखत्यारीत नाही" एवढं ऐकायला दोन महिने जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असतात. तिथली उतरंड अशी: वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली येतात. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. गरोदर बाई आधी पीएचसीत आणि तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवली गेली असेल, तर तक्रार दोन यंत्रणांची होते. मग पत्रंही दोन लिहा.

गट कसा असावा

आठ-दहा माणसं पुरे. पण ती एका आळीची, एका पक्षाची नकोत. वाडी, पाडा किंवा तांडा जितका लांब, तितका तिथला माणूस गटात असणं गरजेचं, कारण रुग्णवाहिका येत नाही ती तिथेच. लहान मूल असलेल्या दोन-तीन जणी, दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या नेणारं कुणी, आणि कागदपत्रं नीट लावून ठेवणारं एक माणूस हवंच. हा शेवटचा माणूस नसेल तर मोहीम तिसऱ्या महिन्यात विस्कटते.

आशाताईंना मात्र पुढे उभं करू नका. त्यांना गावातलं सगळं माहीत असतं, पण त्यांचं काम आणि मोबदला त्याच पीएचसीमार्फत ठरतो. निवेदनावर त्यांची सही घेतली की दुसऱ्या दिवसापासून दबाव त्यांच्यावर येतो. त्यांच्याकडून परिस्थिती समजून घ्या, सही गावाची असू द्या.

पाहणी: दोन आठवडे, दोन बाजूंनी

एक बाजू घरांची. वाड्यावस्त्या धरून 40-50 घरं निवडा. ओळखीचीच घरं घेतली तर पाहणीला अर्थ उरत नाही. प्रत्येक वस्तीत ठरावीक अंतराने, म्हणजे दर पाचवं किंवा दहावं घर घ्या. गेल्या तीन महिन्यांतलंच विचारा. त्यापलीकडच्या तारखा लोकांना आठवत नाहीत. प्रश्न दहा-बाराच ठेवा: दवाखान्यात गेलात तेव्हा डॉक्टर होते का? औषध तिथेच मिळालं का, की बाहेरून आणायला लावलं? कोणी पैसे मागितले का? बाळंतपणाला गाडी मिळाली का, घरी सोडलं का? आरोग्य सेविका वस्तीत शेवटची कधी आली?

दुसरी बाजू केंद्राची. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी पत्र द्या आणि दिवस ठरवून जा. प्रसूती कक्षात पाणी आणि दिवे आहेत का, शौचालय वापरता येतं का, लसींच्या फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांच्या आत आहे का आणि त्याची रोजची नोंद होते का, हे पाहा. सर्पदंश आणि श्वानदंशाच्या लसींची संख्या आणि मुदत लिहून घ्या. डॉक्टरांचं राहतं घर आवर्जून बघा. "डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत" ही गावोगावची तक्रार आहे, पण निवासस्थानाचं छत गळत असेल आणि नळाला पाणी नसेल, तर मागणी आधी दुरुस्तीची करायला हवी.

प्रत्येक मुद्द्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्या. कुठला रंग कशाला, हे पाहणीच्या आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, दहापैकी आठ किंवा जास्त घरांना औषध तिथेच मिळालं तर हिरवा, पाच ते सात असतील तर पिवळा, त्याखाली लाल. रंग नंतर ठरवले तर सगळं लाल दिसायला लागतं, आणि अधिकारी नेमकं तेच दाखवून अख्खं प्रगतिपत्रक बाजूला सारतो. जे चांगलं आहे ते हिरवं दाखवाच. लसीकरण वेळेवर होत असेल, सिस्टर रात्री उठून बाळंतपण करत असतील, तर ते पहिल्या ओळीत लिहा.

एक चिठ्ठी काय करू शकते

मोहिमेतला सगळ्यात दमदार पुरावा म्हणजे बाहेरून औषध आणायला दिलेली चिठ्ठी. बहुतेकांच्या घरी ती फेकली जाते. गावात सांगून ठेवा की फेकू नका. तिच्यावर तारीख असते, औषधाचं नाव असतं. मागे मेडिकलचं बिल टाचा. नसेल तर निदान किती पैसे दिले ते लिहा.

आता त्याच औषधाचा त्याच तारखेचा केंद्रातला साठा माहिती अधिकारात मागवा. दोन गोष्टी निघू शकतात. साठा शून्य असेल तर प्रश्न पुरवठ्याचा. मग मागणीपत्र वर कधी गेलं आणि औषध कधी आलं, ते विचारा. साठा शिल्लक असताना बाहेरची चिठ्ठी दिली असेल, तर प्रश्न केंद्रातला आहे आणि उत्तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी द्यायचं आहे. पहिल्या प्रकारात डॉक्टर बऱ्याचदा तुमच्याच बाजूचे निघतात, कारण त्यांनी मागणी केलेली असते आणि औषध वरूनच आलेलं नसतं. अशा दहा-पंधरा चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या की कुठल्या महिन्यात काय तुटलं, हे डोळ्यांसमोर येतं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. बाळंतिणीला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, जेवण, येण्या-जाण्याची गाडी हे सगळं 2011 पासूनच मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. हे चार ओळींत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

माहितीचा अर्ज

शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत ठेवायचा. "दवाखान्याची सर्व माहिती द्या" असं मागू नका, उत्तर "माहिती विस्तृत आहे" असं येतं. मजकूर असा ठेवता येईल:

"प्राथमिक आरोग्य केंद्र ____ येथील 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या कालावधीतील पुढील माहिती द्यावी. 1) मंजूर, भरलेली व रिक्त पदे, पदनामनिहाय. 2) येथे नेमणूक असून अन्यत्र प्रतिनियुक्तीवर असलेले कर्मचारी, पदनाम व आदेशाच्या प्रती. 3) सोबतच्या यादीतील 10 औषधांच्या साठा नोंदवहीची छायाप्रत. 4) रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते व खर्चाचा तपशील."

दुसरा मुद्दा गाळू नका. कागदावर पद भरलेलं असतं, माणूस मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेला असतो. रिक्त पद भरायला वर्ष लागू शकतं, पण प्रतिनियुक्ती एका आदेशाने रद्द होते. लवकर हाती येणारी अशी मागणी दुसरी क्वचितच असेल.

रुग्णांची नावं आणि आजार कधीही मागू नका. ते मिळणार नाहीत आणि मागणंही योग्य नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

मागण्या तीन ढिगांत लावा

पहिल्या ढिगात गावात किंवा केंद्रातच सुटणाऱ्या: पाण्याची टाकी, बंद दिवे, बाकडी, वेळेचा फलक. केंद्राचा निधी खर्च करणाऱ्या रुग्ण कल्याण समितीकडून हे होऊ शकतं. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडेही अबंधित (गरजेनुसार वापरता येणारा) निधी येतो, तो कशावर खर्च झाला ते विचारा. दुसऱ्या ढिगात जिल्हा परिषदेच्या: प्रतिनियुक्ती, 102 ची गाडी (गरोदर बायका आणि बाळांसाठीची रुग्णवाहिका), इमारत दुरुस्ती. तिसऱ्यात राज्याच्या: कायम पदं, औषध खरेदी, केंद्राचा दर्जा वाढवणं.

एका निवेदनात पाचाहून जास्त मागण्या नकोत, आणि निदान दोन पहिल्या ढिगातल्या असू द्या. महिन्याभरात पाण्याची टाकी आली की बैठकीला येणारी माणसं वाढतात. तिसऱ्या ढिगातली मागणीच एकटी धरून बसलेल्या मोहिमा माणसं थकल्यामुळे बंद पडतात. मागणी खरी असूनही पडतात, याचंच वाईट वाटतं.

ग्रामसभेचा ठराव

ठरावामुळे मागणी आठ-दहा जणांची न राहता गावाची होते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. विषय आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या. "ऐनवेळचे विषय" यात ढकललेला ठराव पुढे कच्चा ठरतो. त्याआधीच्या महिला सभेतही तो मांडा. बाळंतपणाच्या मागण्या तिथे जास्त नेमक्या होतात. इतिवृत्तात शब्दशः काय लिहिलं ते वाचल्याशिवाय उठू नका, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. पीएचसीखालच्या पाच-सहा गावांनी असाच ठराव केला तर वजन कितीतरी वाढतं. सपाट भागात एक पीएचसी साधारण 30,000 लोकांसाठी असते, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000. एका गावाचा आवाज तिथे लहानच पडतो.

पाठपुरावा

निवेदन हातात देऊन फोटो काढला म्हणजे काम झालं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्याच क्रमांकाने करा. 15 दिवसांनी स्मरणपत्र, महिन्याने वरच्या अधिकाऱ्याला पत्र आणि खालच्याला प्रत. तोंडी आश्वासन मिळालं की त्याच दिवशी पत्र पाठवा: "आज झालेल्या चर्चेत आपण अमुक तारखेपर्यंत अमुक करण्याचे मान्य केले, त्याबद्दल आभार." हे पत्र फाइलला लागतं आणि बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्यालाही दाखवता येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. तिथे विहित नमुन्यात आणि आधी अर्ज द्यावा लागतो. आमदारांकडे जाताना कोऱ्या हाताने जाऊ नका. अधिवेशनात विचारता येईल असा प्रश्न आकड्यांसह लिहूनच न्या.

जनसुनवाई

तीन महिन्यांत हललं नाही तर जनसुनवाई घ्या. जागा पीएचसीच्या आवारात किंवा शाळेत, दिवस बाजाराचा नको. तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दहा दिवस आधी पत्र द्या आणि सोबत प्रगतिपत्रक जोडा. त्यांना अचानक गाठलं तर "माहिती घेऊन सांगतो" यापलीकडे काही मिळत नाही. समोर तीन-चार जणांचं पंचमंडळ बसवा: निवृत्त शिक्षक, बाहेरचा डॉक्टर, वकील, पत्रकार. आठ ते दहा प्रकरणं निवडा, प्रत्येकाला पाच मिनिटं. बोलणाऱ्या व्यक्तीची संमती आधी घ्या. गर्भपात, एचआयव्ही, क्षयरोग असे विषय जाहीर सभेत नावानिशी मांडायचे नाहीत. प्रत्येक प्रकरणाला अधिकाऱ्याचं उत्तर आणि तारीख तिथेच फळ्यावर लिहा, शेवटी त्यावर सही मागा.

सभेत हमखास बिनसतं ते सिस्टर किंवा कंत्राटी कर्मचाऱ्यावर सगळा राग निघाला की. सूत्रसंचालकाने तिथेच थांबवून प्रश्न व्यवस्थेकडे वळवायचा: एका सिस्टरवर किती उपकेंद्रांचा भार आहे?

धरणं धरायची वेळ आली तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवून परवानगी घ्या, जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारा. दवाखान्याला टाळं ठोकू नका. त्या दिवशी विंचू चावलेलं पोर आलं तर त्याने कुठे जायचं? शिवाय 2010 च्या राज्याच्या कायद्यानुसार डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा दवाखान्याची मोडतोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. धरणं जिल्हा परिषदेसमोर धरा.

मागणी मान्य झाल्यावर

आदेशाची प्रत मिळेपर्यंत आभाराचा फलक लावू नका. प्रत मिळाली की तिच्यावरची तारीख वहीत लिहा आणि त्या तारखेला केंद्रात जाऊन बघा. डॉक्टर रुजू झाले असतील तर पहिल्याच आठवड्यात गटातल्या दोघांनी त्यांना भेटावं, घर आणि पाण्याची अडचण विचारावी. गावाने धरून ठेवलेला डॉक्टर सहसा लवकर बदली मागत नाही. रुग्ण कल्याण समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि लोकप्रतिनिधी सदस्यांमार्फत आपला विषय त्यात घालून घ्या. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली, त्याच वस्त्या, रंगांचे तेच नियम घेऊन पुन्हा पाहणी करा आणि दोन्ही प्रगतिपत्रकं शेजारी शेजारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पिवळ्याचं लाल झालेलं जे असेल, ते पुढच्या निवेदनाचा पहिला मुद्दा.