कृत्रिम पायानं डोंगर: आधी उतरायला शिका

धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला मी पहिल्यांदा चढलो, तेव्हा वर पोचल्याचा आनंद दहा मिनिटंही टिकला नाही. खाली नजर गेली आणि पोटात गोळा आला. डावा पाय गुडघ्याखाली नाही, पायवाट मुरमाड, आणि महिनाभर सराव केला तो फक्त चढायचा. निम्मी वाट बसून, हातांवर भार देत उतरलो. म्हणून सांगतो, सुरुवात उतारापासून करा. चढताना दम लागतो, थांबता येतं. उतरताना तोल गेला की थांबायला सवड मिळत नाही.

असं का होतं, ते समजून घ्या. उतारावर आपला घोटा खाली वळतो आणि तळवा जमिनीला टेकतो. बहुतेक कृत्रिम पायांचा घोटा तसा वळत नाही. टाच टेकली की नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा एकदम वाकतो. जयपूर फूट हा कृत्रिम पाय रबराचा असल्यानं थोडा दबतो, खड्याखुड्यावर वळतोही. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो केला, तोच मुळी उकिडवं बसणाऱ्या, शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसांसाठी. तरी खऱ्या घोट्याची सर त्याला नाही.

सपाटीवर एक-दोन किलोमीटर न दुखता चालता येतंय, कृत्रिम पाय काढल्यावर स्टंपवरची, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावरची लाली दहा मिनिटांत जातेय, आणि पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञानं होकार दिलाय, एवढं झालं की उताराला हात घाला. पहिला सराव डोंगरावर नको. रस्त्यावरून शेतात उतरणारी गाडवाट किंवा पाटाचा भराव पुरे. सोबत एक जण हवा. त्यानं तुमच्या खालच्या बाजूला, थोडं कडेला राहायचं, आणि तुमच्या कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवायचा.

आता पाऊल. काठी चांगल्या पायाच्या हातात. आधी काठी खाली टेकवा, मग कृत्रिम पाय, मग चांगला पाय त्याच्या शेजारी आणा. पाऊल वीतभराचंच टाका. टाच रोवू नका, तळवा शक्य तितका सपाट ठेवा. गुडघा किंचित वाकलेला, मांडी ताठ, आणि स्टंप सॉकेटच्या, म्हणजे तो ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या खोबणीच्या, मागच्या भिंतीवर दाबलेला. त्या दाबानंच गुडघा आवरतो. भीतीनं सगळे मागे झुकतात, मीही झुकायचो, आणि मागे झुकलं की मुरमावर टाच हमखास सुटते. छाती पावलांच्या वरच राहू द्या.

उतार तीव्र असेल तर आडवे व्हा: चांगला पाय डोंगराकडे, कृत्रिम पाय दरीकडे. खालचा पाय सरकवा, वरचा त्याच्याजवळ आणा. नागमोडी वाटेवर मात्र दर दुसऱ्या वळणाला चांगला पाय दरीकडे येतो. मी तिथे तोंड फिरवून उलट्या बाजूनं सरकतो. वेळ लागतो, लागू द्या.

चढताना उलटं: चांगला पाय आधी, कृत्रिम मागून. कमरेतून थोडं पुढे वाका. एवढंच.

गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांनी हे सगळं एकेक पाऊल जोडतच करावं, कारण भार मागे राहिला की यांत्रिक गुडघा दुमडतो. तुमचा गुडघा उतारावर भार पेलणारा आहे का, त्याला कुलूप आहे का, हे तंत्रज्ञाकडून नीट समजून घ्या आणि पहिले काही दिवस त्याच्यासमोरच उतरा.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 पर्यंत जातो. लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात, घाम साचला की स्टंप आतल्या आत घसरतो. डोंगर थंडीत करा, तोही पहाटे निघून. दर अर्ध्या तासानं बसा, पाय काढा, स्टंप आणि लायनर कोरड्या फडक्यानं पुसा. चालून स्टंप बारीक होतो, सॉकेट सैल पडतं आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला टोचायला लागतं. तसं झालं की स्टंपवर एक मोजा वाढवा. जास्तीचे दोन मोजे पिशवीत असलेच पाहिजेत.

बूट बदलू नका. सॉकेटचा कल टाचेच्या उंचीवर जुळवलेला असतो, ती बदलली की सगळा तोल बदलतो. पद्मालयासारख्या ठिकाणी देवळात बूट काढावा लागला तर अंगणातही काठी सोडू नका.

घरी आल्यावर आरसा घेऊन स्टंप सगळीकडून बघा. मधुमेह असेल तर हे टाळूच नका, कारण जखम झाली तरी कळत नाही. लायनर साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत पाय लावायचाच नाही, मग दुसऱ्या दिवशी घरात लग्न का असेना.